कचऱ्याचं शुल्क आणि महापालिकेचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कचरा उचलण्याचे वेगळे पैसे घ्यायचे, असा प्रस्ताव आला की प्रत्येक शहरात तेच वाद होतात. एक बाजू म्हणते, ही दुसरी घरपट्टीच आहे. दुसरी म्हणते, पैसे लागले की लोक आपोआप कचरा कमी करतील. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण शुल्क कसं आकारलं जातं यावर सगळं ठरतं. सोसायट्यांच्या बैठकांत आणि वॉर्ड ऑफिसात सतत विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

कचऱ्याचं शुल्क म्हणजे काय? घरपट्टीत ते आधीच नसतं का?

अनेक शहरांच्या मालमत्ता कराच्या बिलात सफाई कर किंवा स्वच्छता कर असा रकाना असतो, त्यामुळे हा प्रश्न अगदी रास्त आहे. कर सर्वसाधारण सेवांसाठी असतो, त्यात रस्ते झाडणंही येतं. ‘उपयोगकर्ता शुल्क’, म्हणजे आपण ज्याला युजर चार्जेस म्हणतो, ते दारातून कचरा उचलणं, वाहून नेणं आणि त्यावर प्रक्रिया करणं यांचा खर्च पूर्ण किंवा अंशतः भरून काढण्यासाठी असतं. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये त्याला आधार मिळाला. स्थानिक संस्थेनं उपविधी, म्हणजे आपले स्थानिक नियम, करून शुल्क ठरवायचं आणि कचरा करणाऱ्यानं ते भरायचं, अशी ही रचना आहे.

कायद्यात हा फरक स्पष्ट असला तरी दोन्ही रकमा एकाच बिलात छापून आल्या की नागरिकाला तो दिसत नाही. मग शुल्क ज्या सेवेसाठी आहे तिचा हिशेब मागायचं कोणाला सुचत नाही आणि पालिकेलाही तो द्यावासा वाटत नाही.

पालिकेचा कचऱ्यावरचा पैसा जातो कुठे?

बराचसा माणसांवर आणि गाड्यांवर. भारतीय शहरांबद्दल नेहमी सांगितला जाणारा ढोबळ अंदाज असा: साठ ते सत्तर टक्के खर्च गोळा करण्यावर, वीस ते तीस टक्के वाहतुकीवर आणि शेवटी प्रक्रिया व विल्हेवाटीसाठी उरतात पाच टक्क्यांहूनही कमी. कचरा डोळ्यांआड करण्यात आपण जवळजवळ सगळे पैसे संपवतो. त्याचं पुढे काय करायचं, यासाठी हातात काही उरत नाही.

हे आकडे ध्यानात ठेवा, पुढची बरीच उत्तरं त्यांवरच उभी आहेत. जागतिक बँकेच्या अभ्यासानुसार कमी उत्पन्नाच्या देशांत पालिकेच्या अंदाजपत्रकातला सरासरी वीस टक्के वाटा कचऱ्यावर खर्च होतो, श्रीमंत देशांत तो चार टक्क्यांच्या आसपास असतो. आपल्या शहरांसाठी हा किरकोळ खर्च कधीच नव्हता.

यात आणखी एक खर्च दडलेला असतो, तो जुन्या कचऱ्याचा. मुंबईचं देवनार क्षेपणभूमी, म्हणजे डंपिंग ग्राउंड, म्हणून १९२७ पासून वापरात आहे. तिथला सुमारे १८५ लाख टन साठलेला कचरा बायोमायनिंगनं, म्हणजे खणून, चाळून आणि वेगळा करून, हटवण्यासाठी २०२५ मध्ये महापालिकेनं निविदा काढली, तिची अंदाजित किंमत २,३०० कोटी रुपयांच्या पुढे होती. वेळच्या वेळी विल्हेवाटीवर जे पैसे खर्च झाले नाहीत, त्यांचं हे बिल आहे. आजचं कुठलंही शुल्क ते कमी करू शकत नाही. डोंगर आणखी वाढू नये, एवढंच त्याच्याकडून साधता येईल.

दर महिन्याला ठराविक रक्कम घेतली तर कचरा कमी होतो का?

नाही. मी एक पिशवी दिली काय किंवा चार दिल्या काय, साठ रुपये साठच राहणार असतील, तर कमी कचरा करण्याचं आर्थिक कारण माझ्याकडे उरत नाही. ठराविक शुल्कातून पालिकेला उत्पन्न मिळतं, खर्च मात्र आहे तिथेच राहतो. विजेचं बिल मीटर न पाहता प्रत्येक घराला सारखंच लावलं, तर पंखा बंद करण्याची आठवण कोण ठेवेल?

याचा अर्थ ठराविक शुल्क निरुपयोगी आहे, असा नाही. उत्पन्न नियमित असेल तर घंटागाडी रोज येते, सफाई कर्मचाऱ्यांचा पगार वेळेवर होतो. पण ‘शुल्कामुळे कचरा कमी होईल’ असं सांगून ठराविक शुल्क लावणं ही लोकांची फसवणूक आहे, आणि ते स्पष्ट म्हटलं पाहिजे.

मग ‘जितका कचरा तितके पैसे’ ही पद्धत कुठे खरोखर चालली आहे?

सगळ्यात मोठं उदाहरण दक्षिण कोरियाचं. १९९५ च्या आधी तिथेही मालमत्तेच्या कराशी किंवा घराच्या आकाराशी जोडलेलं ठराविक शुल्क होतं, म्हणजे आपल्याकडे आज जे प्रस्ताव येतात तसंच. १ जानेवारी १९९५ पासून देशभर नियम लागू झाला की घरचा कचरा पालिकेच्या छापील पिशवीतच टाकायचा. ही पिशवी दुकानातून विकत घ्यायची. तिच्या किमतीतच शुल्क आलं. कागद, काच, धातू, प्लॅस्टिक वेगळं करून दिलं तर त्याचे पैसे नाहीत. माणशी रोजचा कचरा १९९४ मध्ये सुमारे १.३ किलो होता. पहिल्याच वर्षात तो १.१ किलोच्या आसपास आला.

पण पिशवीत ओला कचरा होताच. कोरियाचं जेवण आपल्यासारखंच रसदार, त्यामुळे उरलेल्या अन्नात पाणी भरपूर. २००५ पासून तिथे अन्नाचा कचरा थेट क्षेपणभूमीत टाकायला बंदी आली आणि २०१३ पासून अन्नकचऱ्यावरही प्रमाणानुसार पैसे आकारले जाऊ लागले. बऱ्याच इमारतींत कार्ड दाखवल्यावर उघडणारे डबे आहेत. ते टाकलेलं अन्न तोलतात आणि वजन त्या घराच्या खात्यावर चढवतात. मग लोक भांड्यातलं पाणी निथळून मगच कचरा टाकू लागले. पाणी कमी म्हणजे वजन कमी, आणि वजन कमी म्हणजे गाडीचं डिझेल आणि प्रक्रियेचा खर्चही कमी. आपल्या शहरांतला निम्म्याच्या आसपास कचरा ओला असतो. म्हणून कोरियाच्या अनुभवातला हा भाग मला आपल्यासाठी सगळ्यात मोलाचा वाटतो.

तैपेईची गोष्ट वेगळी आहे. तिथे कचऱ्याचं शुल्क पाण्याच्या बिलाला जोडलेलं होतं. पाणी जास्त वापरलं की कचऱ्याचे पैसेही जास्त, या जोडणीला काहीच अर्थ नव्हता. १ जुलै २००० पासून तिथेही पालिकेची पिशवी आली. गाणं वाजवत ठरलेल्या वेळी गाडी येते आणि लोक पिशवी हातात घेऊन खाली उतरतात. रस्त्यावर पिशवी ठेवून जायची सोय नाही. पुढच्या दीडेक दशकात तिथला रोजचा घरगुती कचरा आधीच्या साधारण एक तृतीयांशावर आला. त्यात एकट्या शुल्काचा वाटा नव्हता. पिशवी, गाडीची ठरलेली वेळ आणि सुक्या कचऱ्यासाठी त्याच वेळी येणारी वेगळी गाडी, या तीन गोष्टी एकत्र होत्या.

कचरा वीस टक्के घटला तर खर्चही वीस टक्के घटेल ना?

या प्रश्नावर अधिकारीही चुकतात आणि चळवळीतले कार्यकर्तेही. असं घडत नाही.

समजा एका प्रभागात हजार घरं आहेत आणि एक घंटागाडी रोज सगळ्यांच्या दारात जाते. शुल्क लागलं, लोकांनी कचरा कमी केला. गाडी तरीही हजार दारांत जाणार, चालक आणि मदतनीस तेवढेच लागणार, डिझेलही जवळपास तेवढंच जळणार. आधी तीन टन भरायची ती आता अडीच टन भरून परतेल, एवढाच फरक. म्हणजे जिथे साठ-सत्तर टक्के पैसे जातात, त्या गोळा करण्याच्या टप्प्यावर बचत जवळजवळ शून्य.

बचत सुरू होते पुढे. हस्तांतरण केंद्रातून डेपोकडे जाणाऱ्या मोठ्या कॉम्पॅक्टरच्या, म्हणजे कचरा दाबून भरणाऱ्या गाड्यांच्या, फेऱ्या कमी होतात, प्रक्रिया करणाऱ्याला टनामागे द्यायची रक्कम कमी होते, क्षेपणभूमी आणखी काही वर्षं पुरते. ही शेवटची बचत सगळ्यात मोठी, पण अंदाजपत्रकात ती कुठेच दिसत नाही. शहराजवळ नवी जागा मिळवणं किती कठीण आहे, हे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी पुण्याला वर्षानुवर्षं दाखवून दिलंय. औरंगाबादमध्ये २०१८ साली नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या रोखल्या, तेव्हा सगळं शहर कचऱ्यात बुडालं होतं. त्या गावांनी सोसलेल्या वासाची, माश्यांची आणि नासलेल्या विहिरींची किंमत कोणत्याही टनाच्या दरात धरलेली नसते.

गोळा करण्याच्या टप्प्यावरही बचत होऊ शकते, पण त्यासाठी पालिकेला स्वतः हालचाल करावी लागते. कचरा घटल्यावर मार्ग नव्यानं आखायचे, दोन प्रभागांना मिळून एक गाडी द्यायची, सुका कचरा रोज न उचलता आठवड्यातून दोनदा उचलायचा. ठेकेदाराशी सात-दहा वर्षांचा करार आधीच झालेला असेल आणि त्यात गाड्यांची संख्या ठरलेली असेल, तर लोकांनी कितीही कचरा कमी केला तरी पालिकेचं बिल हलत नाही. उलट ओला-सुका वेगळा नेण्यासाठी सुरुवातीला फेऱ्या वाढतात आणि पहिली दोन-तीन वर्षं खर्च वरही जाऊ शकतो. हे आधी सांगितलं नाही, की योजना फसल्याचा बोभाटा होतो.

पिशवी, डबा की वजन? कशावर पैसे घ्यावेत?

डब्याच्या किंवा पिशवीच्या आकारावर पैसे घेतले तर लोक कचरा दाबून भरतात. अमेरिकेत सिएटलमध्ये १९८१ पासून डब्यांनुसार दर लागले, तेव्हा लोक डब्यात उभं राहून कचरा तुडवायचे. व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिल शहरात १९९२ मध्ये प्रत्येक पिशवीवर ८० सेंटचा स्टिकर लावणं सक्तीचं झालं. फुलरटन आणि किनामन या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या घरांचा कचरा आधी आणि नंतर मोजला. पिशव्यांचं आकारमान ३७ टक्क्यांनी घटलं, वजन मात्र १४ टक्क्यांनीच. कॉम्पॅक्टर कचरा तसाही दाबणारच असतो, म्हणून पालिकेचा खर्च ठरतो वजनावर. लोकांनी घरी दाबला म्हणून तो वाचत नाही.

वजनावर आकारणी सगळ्यात नेमकी, पण प्रत्येक दारी वजनकाटा आणि नोंद ठेवणारी यंत्रणा लागते. नेदरलँड्समधल्या पालिकांच्या अनुभवावरून झालेल्या अभ्यासांतही वजनावरची आणि पिशवीवरची पद्धत परिणामकारक ठरली आणि डब्याच्या आकारावरची सगळ्यात कमकुवत. चाळींत, गल्ल्यांत, बैठ्या वस्त्यांत घरोघर काटा फिरवणं अवघड आहे. पिशवीची पद्धत जमू शकते, पण नकली पिशव्यांवर आणि पिशवीशिवाय टाकणाऱ्यांवर लक्ष ठेवायची तयारी हवी.

लोक पैसे वाचवायला कचरा नाल्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकणार नाहीत का?

काही जण टाकतील. शार्लट्सव्हिलच्याच अभ्यासात अंदाज होता, की दिसणाऱ्या घटीपैकी सुमारे २८ टक्के कचरा कदाचित बेकायदा कुठेतरी टाकला गेला असेल. हा आकडा मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. नाल्यातून कचरा काढायचा खर्च दारातून उचलण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि पावसाळ्यात तुंबलेल्या नाल्याची किंमत तर वेगळीच.

म्हणून आधी सेवा हवी, शुल्क नंतर. ज्या वस्तीत घंटागाडी आठवड्यातून दोनदाच येते, तिथे पिशवीवर पैसे लावले तर कचरा नाल्यातच जाणार, आणि त्याचा दोष मी त्या वस्तीला देणार नाही.

हाँगकाँगनं मग ‘जितका कचरा तितके पैसे’ ही योजना का थांबवली?

कायदा २०२१ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झाला. अंमलाची तारीख पुढे सरकत १ ऑगस्ट २०२४ वर आली. त्याआधी एप्रिलपासून चौदा ठिकाणी प्रत्यक्ष चाचणी घेतली गेली. कुठे रहिवाशांनी पिशव्या वापरल्याच नाहीत, कुठे सफाई कामगारांवर जादा काम पडलं. जुन्या इमारतींत जबाबदारी घेणारंच कोणी नव्हतं आणि वेगळा केलेला कचरा द्यायच्या सोयी अपुऱ्या होत्या. २७ मे २०२४ रोजी सरकारनं योजना बेमुदत थांबवली. चाचणी घेऊन मिळालेलं उत्तर मान्य करणं हा प्रशासनाचा चांगुलपणाच म्हणायचा. आपल्याकडे उपविधी थेट सगळ्या शहराला लागू होतो आणि विरोध झाला की थेट स्थगिती येते. मधला टप्पा कोणी घेत नाही.

मुंबईत काय प्रस्ताव होता?

बृहन्मुंबई महापालिकेनं एप्रिल २०२५ मध्ये नव्या उपविधींचा मसुदा हरकती-सूचनांसाठी जाहीर केला. त्यात ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिन्याला १०० रुपये, ५० ते ३०० चौरस मीटरला ५०० आणि त्याहून मोठ्या घराला १,००० रुपये असे दर सुचवले होते. विरोध जोरात झाला.

दरांचा बोजा हा एक मुद्दा होताच. पण माझा आक्षेप आकारणीच्या पायावर आहे. घराचं क्षेत्रफळ कचरा सांगत नाही. मोठ्या घरात राहणारं, घरीच खत करणारं निवृत्त जोडपं पाचशे रुपये देणार आणि रोज पाच डिलिव्हरीची खोकी फेकणारं छोटं घर शंभर. बंगळुरूनंही एप्रिल २०२५ पासून बांधकाम क्षेत्रफळावर शुल्क लावलं. तिथे ६०० चौरस फुटांपर्यंत महिन्याला १० रुपये आणि ४,००० चौरस फुटांच्या पुढे ४००, आणि वसुली मालमत्ता कराबरोबर. ऐपतीप्रमाणे आकारणी म्हणून ती समजू शकते, वसुलीही सोपी होते. कचरा कमी करायचं साधन म्हणून मात्र तिचा उपयोग नाही. कोरियानं १९९५ मध्ये जी पद्धत सोडली, तिच्याकडे आपण आत्ता निघालो आहोत.

एका घराच्या कचऱ्याचा खरा खर्च किती असेल?

साधं गणित करून पाहा. चार माणसांचं घर, माणशी रोज अर्धा किलो, म्हणजे महिन्याला साठ किलो. गोळा करण्यापासून विल्हेवाटीपर्यंत टनामागे ३,००० रुपये लागतात असं धरलं, तर त्या घराचा महिन्याचा खर्च १८० रुपये. शुल्क ६० रुपये असेल तर एक तृतीयांश भरला जातो, उरलेला करातून. ३,००० हा आकडा फक्त उदाहरणासाठी आहे. तुमच्या शहराचा आकडा घनकचरा विभागाकडून मागा. तो त्यांना सांगता येत नसेल, तर शुल्काचा दर कशावर ठरवला हा पुढचा प्रश्न विचारा.

गरीब घरांनी का भरावं?

त्यांचा कचरा मुळातच कमी असतो, त्यामुळे प्रमाणानुसारची पद्धत त्यांना ठराविक शुल्कापेक्षा जास्त न्याय्य ठरू शकते. पण ज्या घरात महिन्याचे शंभर रुपयेही मोजून खर्च होतात, तिथे शुल्क माफ किंवा नाममात्र असलं पाहिजे. काही पिशव्या मोफत द्यायच्या आणि त्यापुढच्या विकत, ही पद्धत सोपी आहे.

पुण्यातल्या ‘स्वच्छ’ संस्थेत पैसे थेट कचरा नेणाऱ्या ताईंना देतात. त्यानं पालिकेचा खर्च वाचतो का?

वाचतो, आणि कसा वाचतो हे समजून घेण्यासारखं आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. सदस्य, ज्यांत बहुतांश महिला आहेत, घरोघरी जाऊन कचरा घेतात. घरटी शुल्क थेट त्यांच्या हातात पडतं आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून आलेले पैसेही त्यांचेच. दारात जायचा पगार पालिकेला द्यावा लागत नाही. शिवाय भंगार गाडीत चढण्याआधीच वेगळं झाल्यामुळे ते वाहून नेण्याचा आणि त्यावर प्रक्रिया करण्याचा खर्चही टळतो. म्हणजे ज्या गोळा करण्याच्या टप्प्यावर बचत होत नाही असं वर म्हटलं, तिथेच ही पद्धत बचत करून दाखवते.

म्हणून शुल्क घरपट्टीत घालून मोठ्या ठेकेदाराला काम देण्याचे प्रस्ताव येतात, तेव्हा मला काळजी वाटते. घर आणि कचरा उचलणारी व्यक्ती यांच्यातला थेट व्यवहार तुटला, तर वर्गीकरण करून घेण्याचा ताईंचा हक्काचा आग्रहही तुटतो, आणि हजारो कुटुंबांची भाकरीही. अर्थात काही घरं महिनोन् महिने पैसे देत नाहीत, हा आजच्या पद्धतीतला खरा त्रास आहे. थकबाकी वसूल करण्याची जबाबदारी पालिकेनं घ्यावी, कामगारावर टाकू नये.

सुरुवात कुठून करावी?

हॉटेलं, मंगल कार्यालयं, मॉल, मोठ्या सोसायट्या. २०१६ च्या नियमांत रोज शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा निर्माते म्हटलं होतं. त्यांची संख्या थोडी, कचरा खूप. तिथे वजनकाटा परवडतो आणि किलोमागे दर लावता येतो. दर महाग झाला की आवारातच खत प्रकल्प चालवणं स्वस्त पडतं. आज अनेक सोसायट्यांतली खतयंत्रं फक्त पूर्णत्वाच्या दाखल्यापुरती बसवलेली आणि बंद पडलेली दिसतात, कारण मिश्र कचरा गाडीत देणं फुकट आहे.

घरांसाठी पहिली पायरी मिश्र कचऱ्यावर जादा दर ही असावी. वेगळा करून दिला तर कमी, एकत्र दिला तर दुप्पट. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या घनकचरा नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार प्रकार आहेत आणि वर्गीकरण न केलेला कचरा क्षेपणभूमीत पाठवणाऱ्या स्थानिक संस्थांना जादा शुल्काची तरतूद आहे. म्हणजे न वेगळ्या केलेल्या कचऱ्याचा भुर्दंड आता पालिकेलाही बसू शकतो.

ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात. मग त्याला कचरा कमी झालेला कसा चालेल?

चालणार नाही, आणि हा मोठा अडथळा आहे. उचललेल्या वजनावर बिल निघत असेल, तर गाडीत राडारोडा किंवा माती टाकून वजन वाढवण्याचा मोह तयार होतो. नागरिकांवर कचरा कमी करायचं शुल्क आणि ठेकेदाराला कचरा वाढला तर जास्त पैसे, असं दोन्ही बाजूंनी ओढणं थांबलं पाहिजे. घरांची संख्या, सेवेचा दर्जा आणि वेगळ्या केलेल्या कचऱ्याचं प्रमाण यावर बिल निघायला हवं.

शुल्काचा प्रस्ताव आमच्या शहरात आला आहे. हरकत नोंदवताना काय विचारू?

एक, टनामागे आजचा खर्च किती आणि त्यात गोळा करणं, वाहतूक, प्रक्रिया यांचे वाटे किती. दोन, शुल्काची रक्कम वेगळ्या खात्यात राहणार की सर्वसाधारण निधीत मिसळणार. तीन, कमी कचरा देणाऱ्याचं बिल कमी होणार का. होणार नसेल तर मसुद्यातून ‘कचरा कमी करण्यासाठी’ हे शब्द काढून टाका, असं लेखी मागा. चार, कचरा घटला तर ठेकेदाराचं बिल घटेल असं कलम करारात आहे का. पाच, आज दारोदार काम करणाऱ्या कचरावेचकांचं काय होणार.

हरकत मुदतीत, लेखी, पोच घेऊन द्या. शक्य असेल तर एकट्यानं न देता सोसायटीच्या ठरावानिशी द्या. उत्तर आलं नाही, तर हेच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात.